फुस्सऽऽ... आणि साडेअठ्ठावीस टन जागेवर!

पहाटेचे साडेपाच. मूर्तिजापूरजवळचा हायवेवरचा ढाबा. अंगणात ओळीनं ट्रक उभे. एकाची पाटी एमएच ३०, म्हणजे अकोल्याचा. शेजारी एमएच २७, अमरावतीचा. पलीकडं एक पार ओडिशाहून आलेला. अकोल्याचा ट्रक सुरू होतो आणि त्याच क्षणी केबिनमध्ये बझर कोकलायला लागतो. ड्रायव्हर मात्र चहा पीत निवांत बसलेला.

"निघायचं ना भाऊ?"

"थांबा ना, हवा बनून राह्यली. हवा बनली का मंग निंगू."

डॅशबोर्डवरच्या दोन सुया हळूहळू वर सरकतात. तीन, चार, पाच. बझर गप्प होतो. सहा, सात, आठ. ड्रायव्हर ग्लास ठेवतो, हाताशी असलेला पार्किंगचा खटका सोडतो आणि गाडी हलते. या दोनपाच मिनिटांत त्या ट्रकच्या पोटात जे काही घडलं, ते मला दरवेळी नव्यानं थक्क करतं. आपल्या नाकातोंडात जाते तीच फुकटची हवा, आणि ती पंचवीस-तीस टनांचं धूड आवरते!

हवा गेली? मग गाडी हलणारच नाही

बहुतेकांची समजूत अशी, की हवा ब्रेक लावते. चालत्या ट्रकपुरतं ते खरं आहे. उभ्या ट्रकमध्ये मात्र सगळं उलटं. तिथं हवा ब्रेक सोडवते.

मागच्या चाकांजवळ खाली वाकून पाहा. एकाला एक चिकटवलेल्या दोन डब्यांसारखं काहीतरी दिसेल. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात, कुणी बूस्टरही म्हणतात. पुढच्या डब्यात रबरी पडदा असतो, मागच्यात दाबून बसवलेली जाडजूड पोलादी स्प्रिंग. ही स्प्रिंग चोवीस तास ब्रेक लावायला टपलेली असते. तिला मागं रेटून धरते ती हवा. खटका ओढला की हवा बाहेर आणि स्प्रिंग पुढं, चाकं जाम. रात्रभरात टाकीतली हवा गळून गेली तरी ट्रक उतारावरून घरंगळत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. म्हणून सकाळी आधी हवा बनवायची, मग निघायचं.

त्या मागच्या डब्यातल्या स्प्रिंगेचा जोर टनाच्या घरातला असतो. तिला बोल्टनं आवळून कैद केल्याशिवाय डबा उघडला, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. डब्यावर तशी सूचनाच कोरलेली असते. नवशिक्या पोरानं हा डबा एकट्यानं उघडू नये, कधीच नाही.

बावीस वर्षांच्या पोराची उलटी अक्कल

हवेचा ब्रेक जन्मला तो रेल्वेत. पूर्वी अमेरिकेत गाडी थांबवायची म्हणजे इंजिनानं शिटी द्यायची आणि ब्रेकवाल्यांनी डब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेका डब्याचं हातचाक फिरवायचं. पाऊस असो, बर्फ असो. किती जण पडले, किती चिरडले. जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या तरुणानं वाचलं, की आल्प्समधला माँ सनीचा बोगदा खोदायला दाबलेली हवा वापरतात, नळीनं लांबवर नेऊन. मग तीच हवा डब्याडब्याला का नेऊ नये? १८६९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

पण खरी अक्कल पुढं दिसली. पहिल्या रचनेत नळी फुटली की ब्रेकच गायब व्हायचा. वेस्टिंगहाउसनं दोनतीन वर्षांत गणित उलटं केलं. नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेला, नळीतली हवा घटली की ब्रेक लागलेला. आता नळी तुटो, डबा सुटो, गाडी आपोआप थांबणार. भारतीय रेल्वे मात्र बराच काळ व्हॅक्यूम ब्रेकवर चालली. व्हॅक्यूमची अडचण अशी, की वातावरणाचा दाब एक बारच्या आसपास, त्यापलीकडं ओढ मिळणारच नाही. दाबलेल्या हवेला तशी वेस नाही.

याच तत्त्वाची मुलं-नातवंडं आज आपल्या हायवेवर धावतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या पाठीमागं दोन गुंडाळ्यांच्या नळ्या दिसतात, एक लाल आणि एक पिवळी. लाल नळी ट्रेलरला सतत हवा पुरवते, पिवळी ब्रेकचा हुकूम पोचवते. धावताना लाल नळी तुटली तर ट्रेलर स्वतःच ब्रेक लावून घेतो. पुढच्या गाडीची परवानगी विचारत नाही.

आणि नाव पाहा. वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनी, या चार शब्दांचं छोटं रूप वॅब्को. १९६२ मध्ये चेन्नईत उभ्या राहिलेल्या सुंदरम क्लेटननं इंग्लंडच्या क्लेटन ड्युवांद्रेच्या साथीनं देशात हवेचे ब्रेक बनवले, पुढं तो धंदा वॅब्कोच्या नावानं चालला, आणि २०२० मध्ये जगभरची वॅब्को जर्मनीच्या झेडएफकडं गेली. टपांवरून धावणाऱ्या माणसांसाठी केलेला शोध असा फिरत फिरत मूर्तिजापूरच्या ढाब्यावर पोचला.

रुईची गाठ, हवेची गाठ

जिनिंग-प्रेसिंग पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला कॉम्प्रेसर समजावून सांगायला नको. ढीगभर रुई प्रेसमध्ये दाबून एक गाठ बांधतात ना, इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर हवेचं तेच करतो. सुई आठवर म्हणजे टाकीत बाहेरच्यापेक्षा नऊपट हवा ठासलेली. नऊ टाक्यांची हवा एका टाकीत!

आता जोर मोजू. ट्रकच्या मागच्या चाकांवर सर्रास सापडणारा एक चेंबर ‘तीस नंबरचा’ असतो, कारण त्याच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ तीस चौरस इंच. जेवणाच्या छोट्या ताटलीएवढं. साधारण सात बारचा दाब त्यावर पडला की दांडा १३६० किलोच्या जोरानं पुढं येतो. कापसाची एक गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे ड्रायव्हरच्या पायाच्या एका दाबानं, ताटलीएवढ्या रबरावर, बरोबर आठ गाठींचा भार!

एवढ्यावर भागत नाही. दांडा थेट ब्रेकशूला भिडत नाही, तो एका आडव्या हाताला ढकलतो. या हाताला स्लॅक अ‍ॅडजस्टर म्हणतात. हाताच्या दुसऱ्या टोकाला ड्रमच्या आत एक लोखंडी तुकडा फिरतो, आकार हुबेहूब इंग्रजी एस अक्षरासारखा. तो फिरला की दोन्ही शू फाकून ड्रमला भिडतात. पहारीनं दगड उचकटावा तसा हा हात जोर दहा-बारा पटींनी वाढवतो. आठ गाठींच्या झाल्या ऐंशी-नव्वद, आणि तेही एका चाकाला.

किती प्रकारचं फुस्स?

हायवेकडेच्या पोरांना गाडी न बघता आवाज ओळखता येतो. पाय ब्रेकवरून उचलला की तुटक ‘ट्स’. ती चेंबरमधली वापरलेली हवा असते, काम संपलं की बाहेर. खटका ओढून गाडी लावली की लांबलचक ‘फुस्सऽऽ’, ती स्प्रिंगेला रोखून धरणारी हवा. आणि गाडी नुसती उभी असताना, कुणी कशाला हात लावला नसताना, मधेच दचकवणारा ‘फट्-फुस्स’ होतो तो हवा सुकवणाऱ्या ड्रायरचा. टाकी भरली, आता नको, असं सांगून तो कॉम्प्रेसरला आराम देतो आणि साठलेलं पाणी फेकतो. एसटीच्या स्टँडवर हे तिन्ही आवाज दहा मिनिटांत ऐकायला मिळतात.

पाणी? हो, हवेतलंच. पावसाळी दमट दिवसात हजार लिटर हवा कोंबून टाकीत भरली, तर तिच्यातली वाफ मावत नाही आणि साधारण तीन-साडेतीन चमचे पाणी तळाशी साचतं. ते तसंच राहिलं तर टाकी गंजते, व्हॉल्व्ह अडकतात. म्हणून जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर रोज क्लीनरला विचारायचे, "टाकीचं पाणी सोडलं का बे?" टाकीखालची कळ ओढली की पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल मिसळलेली चहाच्या रंगाची चिळकांडी उडते. ड्रायर आल्यापासून हे काम कमी झालं, संपलेलं नाही.

हीच हवा आणखी किती जणांना पोसते! क्लचचा बूस्टर, काही बसची दारं, प्रेशर हॉर्न, सगळे याच टाक्यांवर. टायरमध्येसुद्धा गरजेला इथूनच हवा भरता येते, कारण ट्रकच्या टायरला लागणारा दाब आणि टाकीतला दाब जवळपास सारखाच. यातलं कुणी फुटलं तर ब्रेकची हवा जाऊ नये म्हणून चौपदरी व्हॉल्व्ह वाटण्या करून ठेवतो. पुढच्या चाकांची टाकी वेगळी, मागच्यांची वेगळी. डॅशबोर्डवर दोन सुया असतात त्या म्हणूनच. व्हॉल्व्हच्या तोंडाजवळ आकडेही कोरलेले सापडतील. १ म्हणजे हवा आत, २ म्हणजे पुढं, ३ म्हणजे बाहेर, ४ म्हणजे हुकूम. जर्मनीत बनलेला व्हॉल्व्ह असो की भारतातला, आकड्यांचा अर्थ एकच. इंग्रजी न येणारा मेकॅनिकसुद्धा यावरून नळ्या अचूक जोडतो.

तेल का नाही?

कारला ब्रेक ऑइल चालतं, मग ट्रकला का नको? तेल मोजकं असतं. सुईएवढं भोक पडलं तरी ते संपत जातं. हवा थोडी गळाली तर कॉम्प्रेसर भरून काढतो. शिवाय ट्रेलर सोडायचा, दुसरा जोडायचा, तेलाच्या नळ्या दरवेळी उघडल्या तर बुडबुडे काढत बसावं लागेल. हवेची नळी उपसली, दुसरीकडं खोचली, झालं.

कबड्डीच्या मैदानाएवढा उशीर

हवेचा एक दोष आहे, आणि तो प्रत्येक दुचाकीवाल्यानं लक्षात ठेवावा असा आहे. तेल दाबलं की लगेच पुढं ढकलतं. हवेला चेंबर भरायला वेळ लागतो. पाय पडल्यापासून शू घट्ट बसेपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो.

ताशी ८० च्या वेगात अर्ध्या सेकंदात ट्रक ११ मीटर सरकतो. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब. (अमरावतीला हे माप सांगायला नको. इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती.) म्हणजे ब्रेक पकडायच्या आत ट्रक जवळजवळ अख्खं मैदान ओलांडून जातो. त्यात माणसाला धोका दिसून पाय हलायला लागणारा एक सेकंद मिळवा, वर उत्तम ब्रेक लागल्यावरचं अंतर मिळवा, बेरीज ८० मीटरच्या पुढं जाते. रिकाम्या जागेत घुसून ट्रकपुढं कट मारणाऱ्यानं ती जागा ड्रायव्हरनं मुद्दाम राखलेली असते हे ओळखावं.

हा उशीर आणखी वाढला असता, पण रिले व्हॉल्व्ह नावाची सोय आहे. ड्रायव्हरच्या पायाजवळची हवा मागच्या चाकापर्यंत पळत जात नाही. ती फक्त निरोप पोचवते. खरी हवा चाकाशेजारच्याच टाकीतून येते. मोठ्या गावाला पाणी द्यायचं तर धरणावरून बादल्या वाहात नाहीत, वस्तीजवळ टाकी बांधतात, तसंच.

आणि वेग वाढलाय, हे खरं आहे. हाजिराहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला जुने लोक अजून ‘सहा नंबर’ म्हणतात, त्याच्या अमरावती-अकोला पट्ट्यानं जागतिक विक्रम केला होता. लोणी ते माना, ७५ किलोमीटर सलग एक पदर डांबरीकरण, १०५ तास ३३ मिनिटांत. ३ जून २०२२ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू, ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता खतम. आधीचा विक्रम कतारचा होता, २५.२७५ किलोमीटरचा. जूनच्या उन्हात पाच दिवस न थांबता ज्यांनी ते डांबर पसरलं, त्यांना माझा मनापासून सलाम. त्या गुळगुळीत रस्त्यावर आता हवेच्या ब्रेकची रोज परीक्षा असते.

एका ब्रेकमध्ये ऐंशी कप चहा

२०१८ मध्ये केंद्रानं ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा चाकीला मालासकट २५ ऐवजी २८.५ टन चालू लागले. असा भरलेला ट्रक ताशी ६० च्या वेगातून पूर्ण थांबवला तर जी उष्णता निघते, तिच्यात साडेबारा लिटर पाणी उकळेल. ऐंशी कप चहा! ही सगळी उष्णता ड्रम आणि शूवरचं लायनर पितात.

आता चिखलदऱ्याचा घाट घ्या. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, परतवाडा त्याच्या जवळजवळ सातशे मीटर खाली. तोच भरलेला ट्रक तिथून फक्त ब्रेकवर उतरवला, तर निघणारी उष्णता ६० च्या वेगातून पन्नास वेळा थांबवण्याइतकी. चार हजार कप चहाची! आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांची, ती ड्रम काय गार करणार?

इथं खरा घोळ होतो. तीनशे अंशांच्या पुढं लायनर घसरायला लागतं, पकड सुटते. त्यातच तापलेला ड्रम फुगतो, व्यास मिलिमीटरभर वाढतो. तेवढं अंतर भरायला चेंबरच्या दांड्याला सेंटिमीटरभर जास्त चालावं लागतं. आणि त्या दांड्याची सगळी चाल मिळून अडीच इंच. दोन इंचांच्या पुढं गेला तर गाडी ब्रेक आवळायला आलेली समजावी. जो दांडा आधीच ढिला आहे, तो तापलेल्या ड्रमपर्यंत पोचतच नाही. सुई आठवर, टाकी भरलेली, पायाखाली पेडल, आणि गाडी थांबत नाही.

पेपरात आपण ‘ब्रेक फेल’ वाचतो. नुसती हवा संपली असती तर स्प्रिंगेनं गाडी जाम केली असती. पण स्प्रिंगही तेच शू, तोच ड्रम वापरते. शू पकडत नसेल तर स्प्रिंग बिचारी काय करणार? माझ्या मते वऱ्हाडातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ही एक गोष्ट चित्र काढून शिकवली पाहिजे: हवा मोजणारी सुई ब्रेकची तब्येत सांगत नाही.

उपाय जुने ड्रायव्हर सांगतात तोच. "ज्या गेरात चढली ना गाडी, त्याच गेरात उतरवा लागते बाप्पा." इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेक गार राहतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, त्यातही इंजिन बंद करून गाडी सोडणं म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हवा बनणं बंद. आणि पेडल सारखं दाबणं-सोडणं हेही वाईट. तेलाच्या ब्रेकवर हात बसलेला माणूस सवयीनं तसं करतो. तेलात त्यानं ब्रेक वर येतो, हवेत दर दाबाला भरलेले चेंबर बाहेर रिकामे होतात आणि पाहता पाहता टाकी खलास.

२०१५ पासून नव्या जड गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यानं चाकं लॉक होऊन गाडी आडवी होणं कमी झालं. स्लॅक आपोआप आवळणारे अ‍ॅडजस्टरही आले. पण रस्त्यावर जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत, आणि त्यांचा स्लॅक पान्यानंच आवळावा लागतो.

परतवाड्याला घाट संपतो तिथं अशीच एक जुनी दहा चाकी गाडी थांबलेली पाहिली होती. ड्रायव्हर उतरून एकेका चाकापाशी जाई आणि तळहात उलटा करून हबपासून वीतभर अंतरावर धरी. पहिलं चाक धगधगतं, हात झटकन मागं. दुसरं तसंच. तिसऱ्यापाशी त्यानं हात धरला, जवळ नेला, आणखी जवळ, शेवटी ड्रमला टेकवलाच. गार. अख्खा घाट उतरून हे चाक गार! त्याचा चेहरा उतरला. क्लीनरला त्यानं टायरखाली दगड लावायला सांगितले, सीटखालून पाना काढला आणि चटई टाकून गाडीखाली सरकला.